पावसात वाळणारे बोंबील

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात संस्थेच्या अध्यक्षांचं भाषण चालू होतं. अध्यक्ष म्हणजे भाऊसाहेब. बँकेतल्या मोठ्या खुर्चीवरून उठले ते थेट आमच्या संस्थेच्या खुर्चीत येऊन बसले. मधे एकही दिवस असा गेला नाही की त्यांचं बोलणं ऐकायला समोर कोणी पगारी माणूस नव्हता. आवाज खणखणीत. कागद हातभर लांब धरून ते वाचत होते.

"बदलत्या काळाची आव्हाने पेलत, मूल्यांचा वारसा जपत, आपली, कंसात शाळेचे नाव, ही संस्था ज्ञानाचा दीप तेवत ठेवत आहे."

भाऊसाहेबांनी आयुष्यभर स्टेनोला पत्रं सांगितलेली. कंस दिसला की 'कंसात' म्हणायचं, ही त्यांच्या जिभेची जुनी सवय. भाषण यंत्राकडून, म्हणजे फोनवरच्या एआयकडून, लिहून घेतलं होतं, आणि यंत्राने रिकाम्या सोडलेल्या जागा भरायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पुढचं वाक्य आलं.

"बोरिवलीच्या या भूमीत, कंसात परिसराची दोन वैशिष्ट्ये, यांच्या सान्निध्यात आपले विद्यार्थी घडत आहेत."

पालकांनी टाळ्या वाजवल्या. वैशिष्ट्यं कोणती, हे कोणी विचारलं नाही. पुढचं नाटुकलं मी बसवलेलं होतं, म्हणून मी विंगेत उभी होते आणि पडद्याचा कोपरा तोंडात कोंबून हसत होते. सगळ्या सभागृहात आणखी एकच व्यक्ती हसत होती. आठवीच्या मुलींच्या रांगेत, दोन्ही हात तोंडावर घट्ट धरून. आमची नजरानजर झाली. मी बाई पडले, त्यामुळे मला डोळे वटारणं भाग होतं. तिने ते अजिबात मनावर घेतलं नाही.

तिचं नाव रेनिता. पुढचं सगळं तिच्याबद्दल आहे.

मी मराठी शिकवते. बोरिवलीतली मराठी माध्यमाची जुनी शाळा एवढंच सांगते. नाव मीही कंसातच ठेवते, कारण निवृत्तीला अजून काही वर्षं आहेत. स्वभावाने मी नाटकी. शिक्षकांच्या एकांकिका स्पर्धांमध्ये मी आजवर तीन वेळा मेले आहे आणि तिन्ही वेळा पहिल्या रांगेतल्या बायका रडल्या आहेत. वर्गातही मी कविता शिकवत नाही, करून दाखवते. मुलांना ते आवडतं. मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, शेजारच्या वर्गाचा त्रास दिसतो.

बाहेरच्या लोकांना वाटतं की भाषेच्या शिक्षकाचं काम ऱ्हस्व-दीर्घ तपासायचं. आमचं खरं काम वास घ्यायचं आहे. निबंधांचा गठ्ठा उघडला की कुठला मुलाने लिहिला, कुठला आईने, कुठला क्लासच्या सरांनी, हे दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला कळतं. आईच्या निबंधातला मुलगा फार शहाणा असतो. क्लासच्या सरांच्या निबंधात पहाट फार वेळा होते आणि पक्षी किलबिल केल्याशिवाय राहत नाहीत. मुलाने स्वतः लिहिलेला निबंध मात्र भलतीकडेच जातो. सहल रायगडाला गेलेली असते, पण निबंधभर एवढंच, की बसमध्ये कोणाला उलटी झाली आणि कोणाच्या डब्यात काय होतं. गड शेवटच्या ओळीत येतो, "मग आम्ही गड पाहिला." असा निबंध वाचताना मला जो आनंद होतो, तो मार्कांत देता येत नाही.

यंत्र आलं तेव्हा सुरुवातीला मी घाबरले नाही, कारण त्याचा वास सगळ्यात सोपा होता. आठवीतल्या पार्थने 'माझे आजोबा' हा निबंध आणून दिला. त्याचा शेवट असा: "आज आजोबा आपल्यात नाहीत, पण त्यांच्या आठवणींचा सुगंध मनात दरवळतो आहे." मला वाईट वाटलं. मी पार्थच्या पाठीवरून हात फिरवला. पार्थ गोंधळला आणि जागेवर जाऊन बसला. पुढच्या आठवड्यात पालकसभेला आईबाबांना सुट्टी नव्हती म्हणून आजोबा आले. दरवाजात उभे राहून म्हणाले, "पार्थचा आजोबा." मी खुर्ची पुढे करण्याऐवजी स्वतःच तिच्यावर बसले.

त्यांना निबंध दाखवला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, "राहू द्या हो बाई, ओरडू नका त्याला. जिवंतपणी माझ्याबद्दल एवढं चांगलं घरात कोणी बोलत नाही."

त्या दिवसानंतर मी ठरवलं की हा पाहुणा मागच्या दाराने येणारच आहे, तर त्याला समोरून बोलवावं. शुक्रवारचा शेवटचा तास मी त्याला दिला. माझा फोन प्रोजेक्टरला जोडायचा, मुलांच्या देखत यंत्राला निबंध लिहायला सांगायचा, आणि मग वर्गाने त्याचे वाभाडे काढायचे. नियम दोन होते. कोणाचं नाव-गाव, घरचं काही त्यात घालायचं नाही. आणि यंत्राची भाषा तपासायची नाही, ती बरी असते. ते खरं बोलतंय का, ते तपासायचं.

मुलं पेटली. शिक्षकांच्या चुका काढायची सोय शाळेत नसते, इथे एका सर्वज्ञाच्या काढायला मिळत होत्या. एका निबंधात यंत्राने आमच्याच स्टेशनवर नसलेलं एक ऐतिहासिक घड्याळ लावलं होतं. ते मुलांनी उतरवलं. एका शुक्रवारी मी विषय दिला, 'गोराई गावातील एक दिवस'. पडद्यावर झरझर मजकूर आला. "पावसाच्या सरींत अंगणोअंगणी बोंबील वाळत असतात. गुड फ्रायडेच्या पवित्र पहाटे होड्या उत्साहाने समुद्रात झेपावतात."

रेनिता उभी राहिली. ती गोराईची. गावातली शाळा संपल्यावर बोरिवलीला आलेली, रोज खाडी ओलांडून. वडील त्या फेरीबोटीवरच कामाला, आई गावातली भाजी आणून बोरिवलीच्या बाजारात विकते.

"बाई, पावसात बोंबील वाळत नाय, कुजतात. वास बोरिवलीपर्यंत येईल."

वर्ग हसला.

"आणि गुड फ्रायडेला आमच्याकडे होडी कोणी काढत नाय. काढलीच ना, तर माझी आई त्याच्या दारात जाऊन भांडेल."

तेव्हापासून आमच्या वर्गात छान दिसणाऱ्या खोट्या वाक्याला 'बोंबील' हे नाव पडलं. "बाई, दुसऱ्या परिच्छेदात बोंबील आहे." "बाई, हा अख्खा निबंधच बोंबील." मी शिकवलेल्या वर्षांमध्ये एवढं चांगलं काही माझ्या वर्गात घडलं नव्हतं, आणि ते मी शिकवलंही नव्हतं.

आता रेनिताच्या मराठीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरच आहे. तिच्याकडे दोन मराठी होत्या. एक घरची, खाडीपलीकडची, भरभर आणि ठसक्यात बोलायची. दुसरी चर्चमधली. रविवारच्या मिस्सात बायबलमधला उतारा गावातल्याच कोणीतरी वेदीपाशी उभं राहून वाचायचा, अशी तिकडे पद्धत आहे. फादर आवाज आणि उच्चार पाहून माणूस निवडतात. रेनिता सहावीपासून वाचत होती. त्या मराठीत 'तथापि' असतं, 'ज्याअर्थी-त्याअर्थी' असतं, वाक्यं एकाला एक लावून, तोलून येतात. तुम्ही-आम्ही वर्तमानपत्रात वाचतो ती मधली मराठी तिच्याकडे नव्हतीच. घरची शाळेत चालत नाही, म्हणून ती निबंध चर्चच्या मराठीत लिहायची. 

तिच्या वहीतल्या या दोन ओळी मी उतरवून घेतल्या आहेत. "ज्याची होडी परत आली त्याच्या घरी दिवा लागतो, आणि ज्याची आली नाही त्याच्याही घरी दिवा लागतो. तथापि दुसऱ्या घरातला दिवा कोणी लवकर मालवत नाही." नववीतली मुलगी. मी ते स्टाफरूममध्ये करून दाखवलं. भूगोलाच्या बाईंनी डबा बंद केला.

ती नववीत गेली त्या वर्षी भाऊसाहेब पवईला एका मोठ्या हॉटेलात दिवसभराच्या कार्यशाळेला जाऊन आले. येताना एक कापडी पिशवी, एक बाटली आणि 'जबाबदार कृत्रिम बुद्धिमत्ता अभियान' घेऊन आले. आठवड्याभरात नियमावली लागली. वर्गात यंत्र वापरायचं नाही, त्यामुळे माझा शुक्रवारचा तास बंद. मुलांनी घरी वापरायचं नाही. शाळेची पत्रकं, सूचना आणि प्रगतिपुस्तकावरचे शेरे मात्र यंत्र लिहील, कारण ते कार्यालयीन काम. त्या सहामाहीला शाळेतलं प्रत्येक मूल 'गुणी व जिज्ञासू' निघालं. बेंचच्या खाली फटाका लावणारा सुद्धा.

नियमावलीसोबत एक चोर पकडणारं सॉफ्टवेअर आलं. ते चालवायचं काम संगणकाच्या निखिल सरांकडे. निखिल सालस मुलगा आहे, मला आईच्या वयाची समजतो आणि मी ते खपवून घेते. निबंधाचा फोटो काढून आत टाकला की पडद्यावर वर्तुळ येतं. हिरवं म्हणजे माणसाने लिहिला, लाल म्हणजे यंत्राने. नववीच्या प्रकल्पाचे निबंध त्यातून गेले. सगळी हिरवी वर्तुळं आली आणि एक लाल.

लाल वर्तुळ 'माझे गाव' या निबंधावर होतं. दिव्याची ती दोन वाक्यं त्यातलीच.

समिती बसली. समिती म्हणजे भाऊसाहेब, मोठ्या बाई, निखिल आणि विषयशिक्षक म्हणून मी. मोठ्या बाईंच्या खोलीत कोपऱ्यातल्या बाकावर रेनिता आणि तिची आई फिलोमिना बसल्या. फिलोमिनाताई बाजारातून तशाच आल्या होत्या, भाजीची पाटी शेजारणीवर सोपवून.

"बाळ, खरं सांग," भाऊसाहेब म्हणाले. "आम्ही रागावणार नाही."

"मीच लिहिलाय."

"हे 'तथापि' कुठून आलं? घरी कोण बोलतं तथापि?"

"घरी कोणी नाय बोलत. चर्चमध्ये बोलतात."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. जणू चर्चमध्ये काय बोलावं हे अभ्यासक्रमात मी घातलं होतं. मग त्यांनी निखिलला तंत्रज्ञान समजावून सांगायला लावलं. निखिलने बिचाऱ्याने सांगितलं. वाक्यं फार नीट आहेत, लांबीला सारखी आहेत, शब्द जड आहेत, म्हणून यंत्राची शक्यता जास्त.

"नीट वाक्यं लिहायला शिकवायचाच मी पगार घेते," मी म्हटलं. "तो परत करू का?"

मोठ्या बाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. त्या वाईट नाहीत. आमच्या शाळेचा पट दरवर्षी घसरतो आहे, वर्ग टिकवायला त्या दारोदार फिरतात, आणि अध्यक्ष रुसले तर अख्खी शाळाच एखाद्या इंग्रजी शाळेला जागा करून देईल अशी भीती त्यांना झोपेतही असते. त्यांच्या पायाचं वजन मला कळत होतं.

मग फिलोमिनाताई बोलल्या. उभ्या राहून, भाऊसाहेबांकडे न बघता मोठ्या बाईंकडे बघून.

"मोठ्या बाई, माजी पोर रविवारी वर उभी राहून वाचते. सगळा गाव खाली बसून ऐकतो. ह्या शाळेत आमच्या गावची आणखी पोरं हायत. तुम्ही हिला खोटी ठरवली का सांजच्या बोटीनं ती गोष्ट गावात जाईल. मग हिनं तिथं उभं राहायचं कसं? खोटं लिहिणारीच्या तोंडून देवाचा शब्द कोण ऐकेल?"

"अहो ताई, हा भावनेचा प्रश्न नाही," भाऊसाहेब म्हणाले. "मशीनला कोणाशी वैर असतं का?"

मी सुचवलं की तिला इथेच बसवा आणि लिहायला लावा. विषय भाऊसाहेबांनीच दिला, 'पाण्याचे महत्त्व'. रेनिता मोठ्या बाईंच्या टेबलाच्या कडेला बसून लिहू लागली. आम्ही चहा घेतला. तिच्या आईने घेतला नाही. निबंध हातात आला तेव्हा माझ्याच्याने राहवेना, मी पहिली ओळ मोठ्याने वाचली. "पाणी सर्वांचे आहे असे म्हणतात. तथापि आमच्या गावाच्या तिन्ही बाजूंना पाणी आहे, आणि प्यायला टँकर येतो."

निखिलने फोटो काढला. वर्तुळ फिरलं. लाल.

निखिलने मान खाजवली. मग भाऊसाहेब म्हणाले, "पाठ करून आली असेल."

"विषय तुम्ही आत्ता दिलात, भाऊसाहेब."

"पाण्याचे महत्त्व कोणीही पाठ करतं हो. आम्ही नाही केलं?"

आता माझ्यातली नटी जागी झाली. गेल्या संमेलनातलं अध्यक्षांचं भाषण कार्यालयाने टाइप करून पालकांच्या ग्रुपवर टाकलं होतं, ते माझ्या फोनमध्ये होतंच. मी ते निखिलकडे पाठवलं. म्हटलं, "निखिल, हेही एकदा घाल रे. सहज. सगळ्यांना एक न्याय."

मोठ्या बाईंच्या पायाचं वजन दुप्पट झालं. मी हनुवटी वर करून, प्रकाश तोंडावर पडेल अशी खिडकीकडे वळून उभी राहिले. वर्तुळ फिरलं, फिरलं आणि हिरवं झालं. स्वच्छ, पोपटी हिरवं.

"असं कसं?" मी विचारलं.

निखिल प्रामाणिकपणे सांगू लागला. "कार्यालयात टाइप करताना चुका झाल्यात ना, बाई. दोन-तीन ठिकाणी वाक्यं मधेच तुटलीयत. मजकूर विस्कळीत असला की त्याला तो माणसाचा वाटतो."

"पाहिलंत?" भाऊसाहेब म्हणाले. ते मनापासून सुखावले होते. स्वतः माणूस असल्याचा दाखला सगळ्यांनाच कुठे मिळतो.

आजवर माझे बरेच प्रयोग पडले आहेत. एकदा मेल्यावर शिंकही आली आहे. पण एवढा पडलेला प्रयोग आठवत नाही. त्या गडबडीत मी बाकाकडे पाहिलंच नाही. रेनिता तिथे बसून निखिलचा शब्द न् शब्द ऐकत होती. वर्गातली माझी सगळ्यात नीट ऐकणारी मुलगी.

निकाल असा लागला. 'माझे गाव' हा निबंध तिने घरून नव्याने लिहून आणावा. हिरवा आला तर प्रकरण बंद, कुठेही वाच्यता नाही. लाल आला तर प्रकल्पाला शून्य आणि सूचनाफलकावर नाव. फिलोमिनाताईंनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघी बोट गाठायला निघाल्या. जिन्यात मी त्यांना गाठलं आणि रेनिताला म्हटलं, "तू लिहितेस तसंच लिही. मी बघते पुढचं."

"तसंच लिहिलं तर लालच येणार ना, बाई," ती म्हणाली.

उत्तर मोठ्या बाईंनी दिलं. त्या मागून आल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, "अगं, थोडं साधं लिही. इतकं चांगलं नको लिहूस. तुझ्या वयाच्या मुलीसारखं लिही."

त्यानंतरचे दोन रविवार रेनिता गावात वाचायला उभी राहिली. बोटीतून बातमी थोडीफार पोचली होतीच. तिची आई सांगत होती, काही बायका एकमेकींकडे बघत होत्या, पण पोरीचा आवाज हलला नाही. आपण काही केलेलं नाही हे तिला माहीत होतं, आणि जिथे उभी राहत होती तिथे ते माहीत असणारा आणखी कोणीतरी आहे, असं तिला वाटत असावं.

निबंध आला. निखिल स्टाफरूममध्ये धावत आला. "बाई, हिरवा. एकदम हिरवा." त्याला खरंच आनंद झाला होता. मी कागद हातात घेतला. अक्षर रेनिताचंच, टपोरं. पहिली ओळ: "माझे गाव खूप सुंदर आहे." दुसरी: "तिथे निसर्ग खूप आहे व लोक प्रेमळ आहेत." वाक्यं आखूड, दोन-तीन मधेच तुटलेली. तिसऱ्या ओळीवर मी थांबले.

"पावसाच्या सरींत अंगणोअंगणी बोंबील वाळत असतात."

खाली आणखी चार ओळींनंतर गुड फ्रायडेच्या पहाटे होड्या समुद्रात झेपावत होत्या.

मधल्या सुट्टीत ती व्हरांड्यात भेटली.

"रेनिता, वाचला मी."

"हिरवा आला ना, बाई?"

"आला."

"मग झालं ना." आणि ती पाण्याची बाटली भरायला गेली.

नियमावलीप्रमाणे मी तेव्हाच अध्यक्षांना कळवायला हवं होतं. अख्ख्या अभियानात सापडलेला हा पहिला खरा गुन्हा होता. ज्या मुलीने आयुष्यात कधी यंत्राकडून एक ओळ घेतली नव्हती, तिच्याकडून तो आम्ही, कार्यशाळा करून आलेल्या माणसांनी, समिती बसवून, चहा पिऊन करून घेतला होता. मी कळवलं नाही. यंत्र वर्गात जबाबदारीने कसं वापरावं यावर हल्ली मला कोणी विचारलं, तर मी त्या शुक्रवारच्या तासाबद्दल सांगते. आणि ते वापरलं नाही याची खात्री करून घेणंही किती जबाबदारीचं काम आहे, हे सांगायला मला जमत नाही. तोंड कडू होतं.

पंधरा-वीस दिवसांनी बाजारात फिलोमिनाताई दिसल्या. मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत होत्या.

"प्रकरण मिटलं, बाई. तुमचं देव भलं करो."

"रेनिता कशी आहे?"

त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. "काय कळत नाय. गाव बोलत होता तवा दर रविवारी उभी राहिली. आता कोण काय बोलत नाय, तर फादरना म्हणते, दुसऱ्या कोणाला सांगा. मी वाचत नाय. घसा धरलाय म्हणते. घरी तर चांगली ओरडते भावावर." मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, "शाळेत आणखी काय झालं का?"

मी म्हटलं, नाही. आणि मेथी निवडू लागले. मी आजवर रंगमंचावर बरेच भाव चेहऱ्यावर आणले आहेत, पण मेथीच्या जुडीत तोंड घालून उभं राहायची वेळ पहिलीच.

तिला काय झालं होतं, ते मला कळलं होतं. खोटी ठरवलेली असताना ती वेदीपाशी उभी राहू शकत होती. खरी ठरवल्यावर तिला ते जमेना.

यंदाचं स्नेहसंमेलन आलं. भाऊसाहेबांनी जाहीर केलं की अभियानाचं यश पालकांसमोर मांडायचं. यश म्हणजे रेनिता. यंत्राच्या आहारी गेलेली एक विद्यार्थिनी शाळेच्या मार्गदर्शनाने स्वतःच्या शब्दांत लिहू लागली, आणि तो निबंध अध्यक्ष स्वतः वाचून दाखवणार. वाच्यता करायची नाही असं ठरलं होतं, त्याची मी आठवण दिली. भाऊसाहेब म्हणाले, "अहो, हे कौतुक आहे."

तिच्या आईवडिलांना खास निमंत्रण होतं. दोघं दुसऱ्या रांगेत बसली, वडील इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. गावातून आणखी चार-सहा जण आले होते. रेनिता रंगमंचावर भाऊसाहेबांच्या शेजारी उभी, हातात पुष्पगुच्छ. मी विंगेत, नेहमीच्या जागी.

भाऊसाहेबांनी कागद हातभर लांब धरला. "माझे गाव खूप सुंदर आहे." आवाज तोच, खणखणीत. "पावसाच्या सरींत अंगणोअंगणी बोंबील वाळत असतात."

गोराईच्या मंडळींमध्ये थोडी चुळबुळ झाली. एक म्हातारे गृहस्थ शेजाऱ्याच्या कानाला लागले. फिलोमिनाताई हलल्या नाहीत. मग होड्या आल्या, गुड फ्रायडेच्या पवित्र पहाटे, उत्साहाने झेपावत. त्यांनी मान वर करून मुलीकडे पाहिलं. रेनिताने आईकडे पाहिलं नाही. ती सभागृहाच्या शेवटच्या भिंतीकडे पाहत होती.

निबंध संपला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. वडील टाळ्या वाजवत होते. आईचे हात मांडीवर होते. दारात जाऊन भांडणारी ती बाई दुसऱ्या रांगेत तशीच बसून राहिली. भांडायचं तर कोणाच्या दारात?

रेनिता विंगेत आली. पुष्पगुच्छ तिने तबल्यांच्या खोक्यावर ठेवला. आम्ही दोघी पडद्याच्या त्याच कोपऱ्यापाशी उभ्या होतो, पण या वेळी तोंडावर हात धरायची गरज दोघींनाही नव्हती.

"बोंबील का ठेवलेस गं?" मी विचारलं.

"बघायचं होतं, कोण वाचतं ते."

"मी वाचला होता."

"तुम्ही वाचणार ते माहीत होतं, बाई." बाहेर भाऊसाहेब अजून बोलत होते. "यंत्र अजून तेच लिहितं. बाकीचंही त्याने दिलं तसंच ठेवलं मी. निखिल सर म्हणाले होते तशी दोन-तीन वाक्यं तोडली, आणि कंस तेवढे काढले. साहेबांना वाचताना त्रास होतो ना."